मुलीकडची जागा

पळून आलेलं जोडपं लग्नाला आलं की मी आधी देवळाच्या पायरीशी काढलेल्या चपला बघतो. मुलाचे बूट नवे असतात. मुलीच्या मात्र घरात घालायच्या स्लिपरा. झेरॉक्स काढून येते, मैत्रिणीला पुस्तक देऊन येते, असं काहीतरी सांगून बाहेर पडलेली असते ती. चांगल्या चपला घातल्या असत्या तर आईनं विचारलं असतं, कुटं निघालीस. स्लिपर दिसली की मी समजतो, हिच्याकडून आज कुणी येणार नाही. मग त्या बेतानं कॅमेरा लावायचा.

सोलापुरात मोठ्या लग्नांचे फोटोवाले वेगळे. त्यांच्याकडं ड्रोन असतो, नवरा-नवरीला लग्नाआधीच उसाच्या फडात पळवत नेऊन फोटो काढतात. मी त्या वाटेला गेलो नाही. माझं गिऱ्हाईक म्हणजे चार माणसांचं लग्न. रजिस्टर करून आलेले, दुसरेपणाचे, आणि पळून आलेले. दिवाळी अंकवाल्या सायबांनी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या. गमती पुष्कळ आहेत. पण आमची इंदू गेल्या वर्षी गेली आणि हा धंदा आमचा दोघांचा होता. त्यामुळं ती मधे मधे येणार. तिला टाळून मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. शिक्षण सातवी. चुका असतील त्या तुम्ही दुरुस्त करा, माणसं तेवढी बदलू नका.

आधी धंदा सांगतो. पळून केलेल्या लग्नाचे फोटो दोन कामांना लागतात. एक पोलीस स्टेशनला दाखवायला आणि एक घरात लावायला. त्या दिवशी जोडप्याला फक्त पहिलं काम सुचतं. मुलीचा बाप तक्रार देतो, पोरीला फूस लावून नेली म्हणून. मग साहेब विचारतो, लग्न लागल्याचा पुरावा काय. म्हणून हार घालताना एक, मंगळसूत्र बांधताना एक, त्यात भटजी दिसला पाहिजे, साक्षीदार दिसले पाहिजेत, आणि मुलीचं तोंड सरळ कॅमेऱ्याकडं, डोळे उघडे. रडकं तोंड चालत नाही. रडकी दिसली की म्हणणार, जबरदस्तीनं आणली. मी पोरीला सांगायचो, "आता जरा रडू नको, मग दिवसभर रड." इंदू मागनं म्हणायची, "अवो, असं बोलतेत व्हय लग्नात?" तेवढ्यानं पोरगी हसायची. तोच फोटो.

साक्षीदार हा एक वेगळाच प्रकार. जोडप्याबरोबर दोस्त येतात, त्यातला एक ऐन वेळेला घाबरून निघून जातो. मग देवळासमोरच्या पानपट्टीवाल्याला बोलवायचं. तो इतक्या लग्नांत साक्षीला उभा आहे, की एका पोरीच्या सासूनं मला विचारलं होतं, ते पान खाणारे काका मुलीचे चुलते का. मी म्हणालो, आज तरी तेच.

आणि सगळेच पळून आलेले नसतात. एक निवृत्त कंडक्टर दुसरेपणाचं लग्न करायला आले होते. नवरी पण विधवा, शांत बाई. दोघांकडची माणसं एका ओळीत बसेनात, तर नवरदेवच हार सांभाळत ओरडला, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय." सगळे मुकाट्यानं पुढं सरकले. नवरी जी हसायला लागली ती मंगळसूत्र घालेपर्यंत हसत होती. त्या लग्नाचे निम्मे फोटो हललेले आहेत, कारण मी पण हसत होतो.

तर दुसरं काम, घरात लावायच्या फोटोचं. ते मला इंदूनं शिकवलं. रीतीच्या लग्नात नवरीच्या मागं मामा असतो, शेजारी करवली असते, आईबाप, काकू, आत्या. त्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते. पळून आलेलीच्या बाजूला कुणीच नसतं. मुलाच्या अंगाला त्याचे दोस्त दाटीनं उभे, आणि हिच्या अंगाला नुसती भिंत. कुठलाही फोटोवाला काय करील? नवरा-नवरीला मधे घेईल आणि भिंत कापून टाकील. मी पण तेच करायचो. एकदा इंदू म्हणाली, "कापू नगा. तिच्या अंगाला जागा सोडा."

"कशाला? नुसती भिंत काढू?"

"आज नुसती हाय. पुढं तिची आई यील की."

आणि आई येते. हे मी अनुभवानं सांगतो. सगळ्यांची येत नाही, पण येते. बहुतेक वेळा पोरीला मूल झालं की येते. मग घरात फोटो लावायचा प्रश्न निघतो. पाहुणे विचारणार, लग्नात तुम्ही कुठं होता. तेव्हा सगळी वरात माझ्या दुकानात. मी आईबापांचा चांगल्या कपड्यात फोटो काढतो आणि त्या मोकळ्या जागेत बसवतो. पूर्वी कात्री आणि गोंद होता, आता कॉम्प्युटर आहे. त्यातलं इंग्रजी मला वाचता येत नाही, कुठलं बटण कुठं आहे ते बोटाला माहीत आहे. माझ्या फोटोतलं जोडपं एका अंगाला सरकलेलं असतं, म्हणून बाकीचे फोटोवाले हसायचे. म्हणायचे, ह्याचा कॅमेरा तिरळा आहे. हसू देत. आता तर पोरं मोबाईलवर सेल्फी काढतात आणि मला बोलवतच नाहीत. सेल्फीत दोघांची तोंडं अशी चिकटलेली, की उद्या आई आली तर तिला बसवायची कुठं? ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

ह्या कामातली मेख उन्हाची. देवळात ऊन डावीकडून आलं असेल आणि बापाच्या तोंडावर उजेड उजवीकडून असेल, तर बाप चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून मी त्याला दुकानाच्या गच्चीवर त्याच वेळेला, त्याच अंगाला तोंड करून उभा करतो. वैतागतात. "माझंच लगीन लावताय काय पुन्यांदा," असं एकजण म्हणाला होता.

करमाळ्याकडचे एक अडत व्यापारी आले होते. बायको मागं लागली म्हणून आले. मला म्हणाले, "मला मधोमध उभा करा. आन् जावयाला जरा लांब सरकवा."

मी म्हणालो, "जावई सरकला तर लगीन कुनाशी लागलं म्हनायचं?"

"बरं, राहू द्या. पन माझं तोंड रागातच ठेवायचं. मी अजून मान्य केलेलं न्हाय."

ठेवलं रागात. सगळे हसतायत आणि हे मधे कोर्टात उभं राहिल्यासारखे. नातू चालायला लागला तेव्हा पुन्हा आले. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "त्या फोटूत मी लई वाईट दिसतोय. पोरगं भितंय बघून. हसरं तोंड बसवता येतंय का?" बसवलं. इंदूनं त्यांना चहा दिला आणि आत जाऊन तोंडाला पदर लावून हसत बसली.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो ते सांगतो.

भाग्यश्री अक्कलकोटच्या अंगाची, लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी, घरात कन्नड बोलणारी. मुलगा व्यंकटेश, भवानी पेठेतला, टॉवेल विणणाऱ्या तेलुगू घरातला. दोघं एका कॉलेजात. घरच्यांनी नाही म्हटलं आणि ती निघून आली. लग्न लागलं पेठेतल्याच एका लहान महादेवाच्या देवळात. मुलाकडची माणसं होती, बरी माणसं. मुलीकडून कुणी नाही.

पोरगी सकाळपासून दगडासारखी. हसत नाही, रडत नाही, पाणी पीत नाही. इंदूचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, तिला कन्नड येत होतं. ती जवळ गेली आणि म्हणाली, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का. एवढंच. आईच्या भाषेत कुणी जेवणाचं विचारलं म्हटल्यावर पोरगी जी रडायला लागली ती थांबेना. इंदूनं पिशवीतली शेंगापोळी काढली. असल्या लग्नाला निघताना ती कायम बांधून घ्यायची. पळून येणारी पोरगी उपाशीच असते, म्हणायची. अर्धी पोळी बळंच तिच्या तोंडात घातली.

अक्षता पडल्या, मंगळसूत्र झालं. घरात लावायच्या फोटोसाठी मी दोघांना उभं केलं, मुलीच्या अंगाला जागा सोडली, आणि पोरीचे गुडघे वाकायला लागले. इंदू पळत गेली. त्या मोकळ्या जागेत उभी राहून तिनं पोरीच्या खांद्यावर हात टाकून तिला धरलं.

मी म्हणालो, "बाजूला हो, फोटोत येतीयास."

"येऊ दे. सोडलं तर खाली बसंल ती. काढा तुमी."

काढला. दुसरा काढायच्या आत पोरीला खरंच खाली बसवावं लागलं. म्हणजे तसा फोटो तेवढा एकच. तो व्यंकटेशच्या घरात लागला.

पुढं इंदू आजारी पडली. ते सांगत नाही, दवाखाना सगळ्यांनी बघितलेला असतो. गेली. घरात तिचा हार घातलेला फोटो आहे, आधार कार्डावरचा मोठा केलेला. त्यात ती बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसते. जशी होती तशी इंदू, पोरीला धरून माझ्यावर खेकसणारी, ती भाग्यश्रीच्या लग्नाच्या फोटोतच आहे. त्यात तिचं तोंड अर्धवट उघडं आहे. 'काढा तुमी' म्हणता म्हणता आलेली आहे ती. माझ्या कॉम्प्युटरवर तो फोटो होता. मी तो रोज उघडायचो. दुकानात कुणी नसलं की उघडायचो, कुणी आलं की बंद करायचो.

ह्या उन्हाळ्यात भाग्यश्रीचे आईबाप दुकानात आले. पोरगी त्यांना आप्पा आणि अव्वा म्हणते, म्हणून मी पण तेच लिहितो. भाग्यश्रीला मुलगी झाली होती, बारसं ठरलं होतं. लग्नानंतर ह्या दोघांनी पोरीच्या घराची पायरी चढलेली नव्हती. आप्पा म्हणाले, बारशाला सगळी भावकी येणार, त्यांच्या भिंतीवरच्या फोटोत आम्ही दिसलो पाहिजे, त्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही. जावयानं माझा पत्ता दिलेला.

मी फोटो उघडला. आप्पांनी चष्मा लावला, वाकून बघितलं.

"ही बाई कोन मधीच?"

"हुती त्या दिवशी."

"मुलाकडची हाय काय?"

"न्हाय."

"मग काढा हिला. हितं आमी दोघं."

अव्वा त्या बाईकडं बघत होत्या.

ही माझी बायको आणि ती आता नाही, एवढं मला म्हणता आलं असतं. का म्हणालो नाही ते सांगतो. आप्पा ओशाळले असते. हातातली टोपी फिरवत, राहू द्या मग, बघू पुन्हा कधी, असं म्हणून उठले असते. ओशाळलेला बाप एकदा दुकानाची पायरी उतरून गेला की परत येत नाही. मी असे गेलेले बघितलेत. म्हणून म्हणालो, "हुतंय. उद्या सकाळी चांगली कापडं घालून या."

संध्याकाळी भाग्यश्रीचा फोन आला, जावयाकडनं तिला कळलं होतं.

"मामा, मावशीला काढायचं नाही. मी आप्पांना सांगते, मला नको असला फोटो."

"तुझी आई तुझ्या घरी यायला पायजे का नको?"

ती म्हणाली, "तुमाला कसं जमंल वो?"

"धंदा हाय माझा," म्हणालो आणि फोन ठेवला.

माणूस फोटोतनं काढणं म्हणजे काय ते बाहेरच्याला माहीत नसतं. माणूस पुसला की तिथं भोक राहतं. त्याच्या मागं जे होतं ते आणून भरावं लागतं. इंदूच्या मागं देवळाची भिंत होती, निळसर चुन्याची, खाली पोपडे आलेली. मी कॅमेरा घेऊन देवळात गेलो. गुरव म्हणाला, "आज कुनाचं लगीन, मामा?"

"कुनाचं न्हाय. भिंत पायजे."

भिंत बघतो तर गुलाबी ऑईलपेंट. कुणा भक्तानं शिवरात्रीला लावून दिलेला, तोंड दिसेल असा चकचकीत.

दुकानात येऊन जुने फोटो उघडले, त्याच देवळातले, त्याच भिंतीपुढचे. पुष्कळ जागा भरलेल्या होत्या, मीच भरलेल्या. काही तशाच राहिलेल्या. करकंबच्या एका पोरीचा फोटो सापडला, तिच्याकडून कधी कुणी आलंच नाही. तिच्या शेजारची भिंत अख्खी, पोपड्यांसकट. ही पण इंदूनंच सोडायला लावलेली. मूळ फोटोची एक नक्कल बाजूला ठेवली, मग ती भिंत उचलली आणि इंदूवर घातली. आधी डोकं गेलं, मग ते उघडं तोंड, मग पदर. मधे एकदा उठून पाणी प्यायलो.

सकाळी दोघं आले. आप्पा फेटा बांधून, अव्वा इरकल नेसून. गच्चीवर उन्हाचं अंग बघून उभे केले. अव्वांना म्हणालो, "ह्यो हात वर करा, पोरीच्या खांद्यावर ठेवल्यासारखा." हाताला टेकू म्हणून मी स्टँड आणायला वळलो, तोवर त्यांनी हात वर धरलेला, मोकळ्या हवेत.

आप्पा म्हणाले, "जरा खाली घे की."

"ती माझ्यापेक्षा उंच हाय," अव्वा म्हणाल्या.

फोटो होईपर्यंत हात खाली आला नाही. नंतर फोटोशी ताडून बघितलं, तर हात नेमका भाग्यश्रीच्या खांद्याएवढा वर होता.

दुपारी दोघांना जागेवर बसवलं. उजेड जुळला. आप्पा जसे काय पहिल्यापासून तिथंच. एक गोष्ट राहिली होती. भाग्यश्रीच्या खांद्यावर इंदूचा हात अजून होता. भिंतीवरचा माणूस पुसायला सोपा, शालूवरचा हात पुसायचा म्हणजे खालचा काठ, चुण्या, जर, सगळं नव्यानं घालावं लागतं. त्याची पण गरज नव्हती. अव्वांचा हात त्याच्यावर बरोबर झाकून बसत होता. बसवला. बघितला. परत काढला. मनगटापर्यंत अव्वा आणि पुढं इंदूचा हात, असं बांगड्यांपाशी जोडून दिलं. जमत नव्हतं म्हणून नाही. मी तसं केलं.

बारशाच्या आदल्या दिवशी दोघं फोटो न्यायला आले. जीप दारात उभी. आप्पांनी चौकट दोन्ही हातांत धरून उजेडात नेली.

"झकास. आमी नव्हतो असं आता कुनाचा बाप म्हनू शकत न्हाय."

ते निघालेच होते. अव्वांनी चौकट त्यांच्या हातातनं घेतली, माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि पोरीच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"ह्यो हात माझा न्हाय."

"न्हाय," मी म्हणालो.

"त्या बाईचा?"

"व्हय."

"कोन हुती ती?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "आमची मंडळी. गेली मागच्या वर्षी."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, झालं, हा माणूस आता फोटो टाकून जातो. ते गेलेच दारापर्यंत आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. अव्वांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांचं बोट हातावर तसंच.

"पोरगी जेवली हुती का त्या दिवशी?"

"अर्धी शेंगापोळी खाल्ली. हिनं चारली."

"अर्धीच?"

"ती बी बळंच. जेवलीस का म्हनून इचारलं तर रडाय लागली. कन्नडात इचारलं हुतं हिनं."

अव्वांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"साडी कुनी नेसवली? वेनी कुनी घातली? मंगळसूत्र बांधताना मागं कोन हुतं? सगळं सांगा. पयल्यापासनं सांगा."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आप्पा दारातनं म्हणाले, "चल की. उद्याची तयारी व्हायची हाय."

अव्वा मागं वळल्या नाहीत.

"बसा हितं गप. लेकीचं लगीन हाय."

आप्पा आत आले. टोपी मांडीवर घेऊन माझ्या स्टुलावर बसले. मी लग्नाच्या दिवशीच्या सकाळपासून सांगायला घेतलं.